मदत हवी आहे: लॅपटॉपचं वायफाय सुरूच होत नाही (विंडोज १०, कोड १०)

नमस्कार मंडळी,

आठवडा झाला, लॅपटॉपचं वायफाय रुसलंय. घरातले दोन्ही मोबाइल त्याच राउटरवर व्यवस्थित चालतात. मोबाइल यूएसबी केबलने जोडून नेट घेतलं की लॅपटॉपवरही सगळं उघडतं, हा धागा तसाच लिहितोय. म्हणजे घोटाळा वायफाय कार्डापाशीच आहे.

खाली कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक केलं की वायफायचं बटणच दिसत नाही, नुसता एअरप्लेन मोड. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (लॅपटॉपच्या सगळ्या भागांची यादी दाखवणारी विंडो) वायरलेस कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण आणि आत ‘धिस डिव्हाइस कॅनॉट स्टार्ट, कोड १०’, म्हणजे कार्ड सुरूच होऊ शकत नाही. एफएन धरून एफ२ दाबून पाहिलं. त्या कळीवरचा बारीक दिवा वायफाय चालू असताना पांढरा असायचा, आता नारिंगीच राहतो. सर्व्हिसेसमध्ये ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ (वायफाय सांभाळणारी विंडोजची सेवा) चालू आहे. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून नवा टाकला, नेटवर्क रीसेट केलं. फरक शून्य.

मग एक गोष्ट लक्षात आली. शट डाउन करून सुरू केलं की त्रिकोण असतोच, पण रीस्टार्ट केलं की कधीकधी वायफाय येतं. शोधल्यावर कळलं की फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नलची (विंडोजच्या गाभ्याची) स्थिती डिस्कवर साठवून ठेवतं. रीस्टार्टला मात्र सगळं नव्याने सुरू होतं. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद केलं. दोन दिवस सकाळी वायफाय आपोआप आलं, मला वाटलं सुटलो. आज पुन्हा त्रिकोण! चार्जर काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं, तेव्हा आलं आणि तासाभराने गेलं.

दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड बदला. मला ते पटत नाही, कारण बोर्ड गेला असता तर वायफाय असं ये-जा करेल का? मागचं झाकण उघडून कार्ड काढून परत बसवावं म्हणतो, पण त्यावरच्या दोन अँटेनाच्या वायरी फार नाजूक दिसतात. कोणी स्वतः केलंय का? त्या उपटताना काय जपायचं? की सरळ यूएसबी डोंगल (बाहेरून लावायचं छोटं वायफाय) घ्यावा?

बायको याच लॅपटॉपवर मुलांच्या शिकवण्या घेते. मोबाइलचा रोजचा दीड जीबी दुसऱ्या तासालाच संपतो आणि पोरं स्क्रीनवर ताटकळत बसतात. सोमवारपासून त्यांची उजळणी आहे, त्याआधी मार्ग निघाला तर फार बरं होईल.