मदत हवी: दहशतवादी संघटनांचा निधी, जीटीडीत रकानाच नाही, १९९३ साल गायब (तातडीचं)

कलिना_लोकल: प्रबंधाचं तिसरं प्रकरण अडलंय. विषय संघटना टिकतात कशा, त्यांना आधार कुठून मिळतो. मेरीलँड विद्यापीठाची जीटीडी (ग्लोबल टेररिझम डेटाबेस, जगभरच्या दहशतवादी हल्ल्यांची नोंदसूची) उतरवून घेतली, पण निधीचा रकाना सापडत नाही आणि १९९३ची एकही ओळ नाही. फाइल अर्धवट उतरली का? गाइडना आकडे हवेत, शुक्रवारी मसुदा द्यायचाय. हवाला म्हणजे काय हे कृपया सांगू नका.

बोरूबहाद्दर: संघटना कुठली? काळ कुठला? एमए की पीएचडी? यातलं काहीच न सांगता शुक्रवार सांगितलात.
फाइल ठीक आहे. १९९३च्या मूळ नोंदी जीटीडीकडे येण्याआधीच कार्यालय हलवताना हरवल्या, म्हणून ते साल मुख्य फाइलमध्ये नसतं. नेमके १२ मार्चचे मुंबई स्फोट त्यातच गेले. आलेखात तिथे शून्य दाखवू नका, रेघ तोडा. आणि जीटीडीत एक ओळ म्हणजे एक घटना. पैशाचे म्हणावेत असे रकाने ओलिसांच्या खंडणीचे आणि मालमत्तेच्या नुकसानीचे, तेही बरेचसे रिकामे.

कलिना_लोकल: एमए. लष्कर-ए-तैयबा, १९९० पासून पुढे. मग आकडे आणू कुठून?

शून्य_बाकी: आधी प्रश्न दुरुस्त कर. हल्ल्याचा खर्च आणि संघटना पोसण्याचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ९/११च्या चौकशी आयोगाने हल्ल्याचा खर्च ४ ते ५ लाख डॉलर धरला, तर त्याआधीचा अल-कायदाचा वर्षाचा खर्च सुमारे ३ कोटी डॉलर. प्रशिक्षण तळ, पगार, आश्रयाचा मोबदला, सगळं त्या दुसऱ्या आकड्यात. हे दोन आकडे एका तक्त्यात घातलेस तर गाइड पहिल्या पानावरच लाल रेघ मारतील.

झवेरीबाजार: सगळं हवाल्यात आहे, बाकी वरवरचं. १९९१ला काश्मिरातल्या अतिरेक्यांच्या पैशाचा माग काढता काढताच जैन बंधूंच्या डायऱ्या (राजकारण्यांना पैसे दिल्याच्या कथित नोंदी) सापडल्या.

बोरूबहाद्दर: आणि १९९८ला सर्वोच्च न्यायालयात त्या डायऱ्यांतल्या नोंदी पुरावा म्हणून टिकल्या नाहीत, ते अर्धं वाक्य गाळलंत. २६/११च्या हल्लेखोरांच्या इंटरनेट फोनसाठी २२९ डॉलर इटलीतल्या ब्रेशियाहून रीतसर एजन्सीतून गेले, दुसऱ्याच माणसाच्या नावावर. यात हवाला कुठे आला?

झवेरीबाजार: २२९ डॉलरवर संघटना चालत नाही.

शून्य_बाकी: तेच तर वर लिहिलंय.

फायलीतला_उंदीर: आधार म्हणजे पैसाच, हे कोणी ठरवलं? १९९३च्या स्फोटांचा माल (शस्त्रं, स्फोटकं) रायगडात शेखाडी आणि दिघीला उतरला. चांदीच्या तस्करीची वाट तयारच होती, कस्टमचे अधिकारी सामील होते, शिक्षाही झाल्या. ही रसद रुपयांत मोजता येत नाही.
असा तक्ता कर: कोणी दिलं, काय दिलं (पैसा, जागा, कागदपत्रं, वाहतूक, माणसं), कधी, कशावरून, निकालातला परिच्छेद क्रमांक. 'कशावरून' या रकान्यात तीनच शब्द चालतील: निकाल, आरोपपत्र, बातमी. बेरीज फक्त निकालांची. २६/११मध्ये नकाशे पुरवल्याचा आरोप असलेले दोघे २०१०ला निर्दोष सुटले आणि सर्वोच्च न्यायालयातही ते कायम राहिलं. आरोपपत्रावरून मोजलंस तर तुझ्या तक्त्यात 'स्थानिक मदत २' असं दिसेल.
२९ ऑगस्ट २०१२ (२६/११) आणि २१ मार्च २०१३ (१९९३चे स्फोट) हे दोन्ही निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यांतून सुरुवात कर. सत्र न्यायालयात नकलेचा अर्ज करू नकोस. खटल्यात पक्षकार नसलेल्याला परवानगी काढावी लागते, शुक्रवारपर्यंत ते होणार नाही.

पार्ल्याची_मावशी: 'आतंकवाद' हिंदी, मराठीत दहशतवाद. आणि 'अतिरेकी' म्हणजे निराळंच. प्रबंधात एकच शब्द ठेव हो बाळा. संदर्भांसाठी झोटेरो वापर, फुकट आहे.

बोरूबहाद्दर: आतंकवाद इथे कोणीच लिहिलेलं नाही, मावशी.

शून्य_बाकी: कायद्याचं कलम लिहिताना एक घोळ नेहमी होतो. यूएपीएचं (बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा) १७ म्हणजे दहशतवादी कृत्यासाठी निधी, ४० म्हणजे दहशतवादी संघटनेसाठी निधी. तुझा विषय 'टिकणं' असल्याने ३९ (पाठिंबा) आणि ४० जवळचे. सगळे १७च उद्धृत करतात.
संघटनेची प्रचारपत्रकं, व्हिडिओ उतरवून लॅपटॉपवर ठेवू नकोस. बंदी घातलेल्या संघटनेचं नुसतं सदस्यत्व गुन्हा नाही हा २०११चा निकाल २०२३ला उलटवला गेलाय, त्यामुळे जुन्या लेखांतला दिलासा आता धरू नको. मुलाखती घ्यायच्या असतील तर आधी विभागाची लेखी परवानगी.

झवेरीबाजार: एफएटीएफच्या (दहशतवादाचा पैसा रोखण्यासाठीची आंतरराष्ट्रीय संस्था) करड्या यादीत, म्हणजे जादा देखरेखीखाली, पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ होता, तेही घे.

फायलीतला_उंदीर: घे, पण ते देशाच्या यंत्रणेबद्दल आहे. लष्करच्या तक्त्यात ती ओळ येत नाही, प्रस्तावनेत जाईल.

कलिना_लोकल: १९९३चं कळलं, तक्ता सुरू केला. जमात-उद-दावा वेगळी संघटना धरू की लष्करच?

फायलीतला_उंदीर: डिसेंबर २००८मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ते लष्करचंच दुसरं नाव म्हणून यादीत घातलं. बेरजेत एकच धर, पण 'त्या वेळचं नाव' असा एक रकाना वाढव. नाव बदलल्यावर देणग्या चालूच राहिल्या की नाही, हे त्यातूनच दिसेल.