राजपुत्र पॉल : युगोस्लाव्हियाचा राजप्रतिनिधी खरोखरच फितूर होता का?

प्रश्न (चौकस वाचक)
दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात युगोस्लाव्हियाचा राजपुत्र पॉल बहुधा एका वाक्यात आटोपला जातो : २५ मार्च १९४१ रोजी त्याच्या सरकारने व्हिएन्नात जर्मनी, इटली आणि जपान यांच्या त्रिपक्षीय करारावर सही केली आणि दोनच दिवसांनी लष्करी उठावात त्याची सत्ता गेली. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, चित्रांचा दर्दी, ज्याच्या लग्नात पुढे सहावा जॉर्ज झालेला राजपुत्र पाठराखा होता, असा माणूस हिटलरच्या गोटात गेलाच कसा?

प्रतिसाद (बाल्कनप्रेमी)
त्याला फितूर म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ९ ऑक्टोबर १९३४ रोजी मार्सेयमध्ये पॉलचा चुलतभाऊ राजा अलेक्झांडर याचा खून झाला तेव्हा राजाचा मुलगा, युवराज पीटर, अवघा ११ वर्षांचा होता. राजाच्या मृत्युपत्राप्रमाणे पीटर सज्ञान होईपर्यंत कारभार पाहण्यासाठी पॉलबरोबर स्टँकोविच आणि पेरोविच हे आणखी दोघे राजप्रतिनिधी नेमले गेले, तरी सूत्रे पॉलच्याच हाती राहिली. आणि या पदाची त्याला हौस होती, असे त्याच्या चरित्रात कुठेच दिसत नाही. मार्च १९४१ पर्यंत हंगेरी, रुमानिया आणि बल्गेरिया करारात सामील झाले होते, अल्बानियात इटलीचे सैन्य होते आणि ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्यामुळे उत्तरेची सीमाही उघडी पडली होती. ४ मार्चला हिटलरने त्याला गुपचूप बेर्गहोफ या आपल्या डोंगरातल्या निवासस्थानी बोलावून घेतले. त्यानंतरही त्याने आपल्या भूमीतून जर्मन फौजा नेल्या जाणार नाहीत आणि लष्करी मदत मागितली जाणार नाही, अशी लेखी हमी घेतल्यावरच सहीला मान्यता दिली. ब्रिटनकडून त्याला उपदेश भरपूर मिळाला, फौजफाटा मात्र नाही.

प्रतिसाद (जुना अभ्यासू)
परराष्ट्र धोरणापुरते हे मान्य, पण त्याचे खरे अपयश घरातले होते. राज्य ही पीटरची ठेव असून ती जशीच्या तशी त्याच्या हवाली करायची, या समजुतीने त्याने १९३१ च्या राज्यघटनेला हात लावायचे टाळले, आणि त्यामुळे क्रोएशियाच्या स्वायत्ततेचा प्रश्न वर्षानुवर्षे चिघळत राहिला. अखेर २६ ऑगस्ट १९३९ रोजी, म्हणजे युद्ध पेटण्याच्या आठवडाभर आधी, पंतप्रधान त्स्वेतकोविच आणि क्रोएट नेता माचेक यांच्यात समझोता होऊन क्रोएशियाला स्वायत्त प्रांत मिळाला. तोही घटनेतल्या आणीबाणीच्या कलमाचा आधार घेऊन! जे १९३९ मध्ये जमले, ते १९३६ मध्ये का जमले नसते? इतक्या उशिरामुळे सर्बांना ते जास्त वाटले आणि अनेक क्रोएट लोकांना अपुरे.

प्रतिसाद (बाल्कनप्रेमी)
उशीर झाला, हे खरेच. तरी २७ मार्चचा प्रसंग लक्षात घ्या. उठावाची बातमी आली तेव्हा पॉल रेल्वेने स्लोव्हेनियाकडे निघाला होता. झाग्रेबला माचेकने त्याला तिथल्या सैन्याच्या बळावर प्रतिकार करण्याचे सुचवले. यादवी नको म्हणून त्याने नकार दिला, बेलग्रेडला परतला आणि पद सोडल्याच्या कागदावर सही केली. पीटर त्या सप्टेंबरात १८ वर्षांचा होऊन कारभार हाती घेणारच होता. ६ एप्रिलला जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बाँब टाकले आणि १७ एप्रिलला युगोस्लाव्ह सैन्याने शरणागती पत्करली.

प्रतिसाद (टिपणकार)
पुढचे थोडक्यात : ब्रिटिशांनी त्याला केनियात नजरकैदेत ठेवले, युद्धानंतर साम्यवादी राजवटीने युद्धगुन्हेगार ठरवले आणि १९७६ मध्ये पॅरिसला त्याचे निधन झाले. २०११ मध्ये सर्बियातील न्यायालयाने तो ठपका पुसला आणि पुढच्या वर्षी त्याचे अवशेष ओप्लेनात्स येथील राजघराण्याच्या दफनभूमीत आणले गेले. मात्र न्यायालयाने रद्द केला तो गुन्हेगारीचा शिक्का. क्रोएशियाबाबत दवडलेल्या वर्षांचा आक्षेप त्या निकालाच्या कक्षेत येतच नाही.