रोजचा बाधितांचा आकडा लोकांना सांगायलाच हवा होता का?

कृष्णाकाठचा, सांगली
मोबाइल भरला म्हणून जुने मेसेज उडवत होतो, तर मे २०२१ मधले जिल्ह्याचे कोरोनाचे आकडे सापडले. आटपाडीपासून वाळव्यापर्यंत १० तालुके, खाली महापालिका. संध्याकाळी मेसेज आला की आई आधी विचारायची, "वाळवा किती?" बहीण तिकडं दिलेली. रविवारी तपासण्या कमी, म्हणून सोमवारी आकडा खाली, की लोक बाजारात. बुधवारी वर, की गल्ली चिडीचूप. माझं मत, पुन्हा साथ आलीच तर बाधितांचा रोजचा आकडा जाहीर करू नये. ऑक्सिजनचे बेड किती भरले तेवढं आठवड्यातून एकदा सांगा, बास.

पट्टीवाला
म्हणजे आयर्विन पुलावरची कृष्णेच्या पाण्याची पट्टी ४५ फुटांवर, धोक्याच्या पातळीवर गेल्यावर सामान माळ्यावर टाकायला घ्यायचं! आपण सांगलीकर आधी काय बघतो? कोयनेतून किती क्युसेक सोडलं. पाणी इथं पोचेस्तोवर म्हशी हलवता येतात. आज बाधित सापडले की त्यातले काही आठवड्याभरानं बेडवर जायचे. हा आठवडाच तर हातात असतो. आणि सोमवारच्या खड्ड्याला ७ दिवसांची सरासरी आहे की. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात चारावरून आकडा पंचविशीत गेला, तेव्हा आठवड्याची वाट बघत बसले असते तर?

कापडवाला, कराड
उपमा झकास, पण जास्त मोजलं म्हणून कोयनेचं पाणी वाढत नाही. स्वॅब जास्त घेतले की बाधित वाढतात. जून २०२१ चे निर्बंधांचे पाच स्तर विसरलात काय? पॉझिटिव्हिटी दर १० टक्क्यांवर गेला की चौथा स्तर. ऑगस्टला २२ जिल्ह्यांना सूट मिळाली, सातारा-सांगली-कोल्हापूर मात्र निर्बंध कायम राहिलेल्या ११ मध्ये. लग्नाचा बस्ता अर्ध्या शटरखालून वाकून दिलाय मी. बेडवर माणूस खोटा झोपत नाही, तेवढंच मोजा.

पट्टीवाला
दादा, आकडा आणि दर कालवू नका. दर म्हणजे १०० तपासण्यांमागं किती बाधित. स्वॅब वाढवले तर तो सहसा खाली येतो.

कापडवाला, कराड
स्वॅब कुणाचे घेतले त्यावर आहे ते. नुसत्या ताप-खोकलावाल्यांचे घेतले की दर चढणार. मंडईत सरसकट सगळ्यांची अँटिजेन केली की उतरला! आमच्या पेठेत दोन्ही बघितलंय. साथ तीच, आठवडा वेगळा.

रात्रपाळी, मिरज
बेड खरं बोलतो म्हणणाऱ्यांनी मिरजेत यावं. इथं जत, सोलापूरकडच्या सांगोल्यापासून पार कर्नाटकातल्या अथणीपर्यंतचे पेशंट. बेड भरला आमचा, साथ भलत्याच जिल्ह्यात. (म्हणून तालुक्याचे आकडे पाहिजेतच.) शिवाय सगळे बेड भरले की आकडा १०० टक्क्यांवर जाऊन थांबतो. दारात रिक्षात सिलिंडर मांडीवर घेऊन बसलेली म्हातारी त्यात नसते. मृत्यूंचं तर बोलायलाच नको, जून २०२१ मध्ये जुळवणी करून जुने मृत्यू मागाहून मिळवले. त्या दिवसाचा आलेख बघितला तर वाटावं साथ परत उसळली.

कृष्णाकाठचा, सांगली
रिक्षाचं पटलं, ताई. पण रोजच्या आकड्यानं त्या म्हातारीला काय मिळालं? तिच्या पोराला एवढंच पाहिजे होतं, मोकळा बेड कुठं आहे. शेजारच्या काकांसाठी मी रात्री ११ पासून फोन लावत होतो. ऑनलाइन यादीत एका ठिकाणी ३ बेड शिल्लक. फोन केला तर म्हणाले, "सकाळीच भरले की ते."

पट्टीवाला
म्हणजे तुमचीच तक्रार आकडा शिळा असल्याची. मग आठवड्याचा कशाला मागताय राव?

रात्रपाळी, मिरज
तसली यादी आमच्या वॉर्डातून मीच भरायचे. ड्यूटी संपल्यावर, किट उतरवून, आंघोळ करून. तोवर ३ चे शून्य झालेले असायचे, कधी शून्याचे २. ते २ कसे मोकळे झाले ते विचारू नका.