विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कामासाठी बेसिक इलेक्ट्रिकल पक्कं कसं करावं? (सल्ला हवा)

धूळपाटी

नमस्कार मंडळी,

विमान देखभालीत एव्हिऑनिक्सच्या बाजूला वळायचं ठरवलं आहे. ओहमचा नियम, सिरीज-पॅरलल वगैरे येतं, म्हणजे गणितं सुटतात. पण खरा वायरिंग डायग्रॅम उघडला की बस, ग्राउंड, बाँडिंग, शील्ड, टीआरयू, केव्हीए असं सगळं एकदम अंगावर येतं आणि शिकलेलं कुठे लावायचं तेच कळत नाही.

कुठल्या क्रमाने शिकू? कुठल्या गोष्टी कच्च्या राहिल्या तर पुढे रोज नडतात? मीटर घेताना काय बघू (ब्रँड नको, निकष सांगा)? आणि डेटा बस (उपकरणांमधली माहितीची वाट) आत्ताच शिकायला घ्यावी का?

एक बावळट शंका: कंटिन्युइटीला मीटर वाजला म्हणजे तार चांगली, असं धरून चालतं ना?

पुस्तकांची यादी कृपया नको, ढीग आधीच आहे.

आगाऊ_इलेक्ट्रॉन

वाचनखूण साठवली. मलाही हेच विचारायचं होतं, फक्त धीर होत नव्हता.

मिलिओहम

शंका बावळट नाही. उलट सुरुवात तिथूनच कर. उत्तर आहे: नाही, धरून चालत नाही.

एक आकडेमोड करून बघ. २८ व्होल्टच्या बसवर (बस म्हणजे जिथून अनेक उपकरणांना वीज वाटली जाते ती पट्टी) २५० वॉटचा लँडिंग लाइट आहे. करंट साधारण ९ अँपिअर, म्हणजे दिव्याचा गरम असतानाचा रेझिस्टन्स ३.१ ओहमच्या आसपास. आता परतीच्या वाटेवरचं एक टर्मिनल गंजलं आणि तिथे अर्धा ओहम जास्तीचा आला. करंट उतरून ७.७ वर येतो, दिव्याला २८ ऐवजी २४ व्होल्टच मिळतात आणि त्या जोडावर जवळपास ३० वॉट उष्णता तयार होते. (व्होल्टेज बदललं की फिलामेंटचा रेझिस्टन्सही थोडा बदलतो, ते इथे सोडून दिलंय.) एवढ्याशा टर्मिनलवर ३० वॉट म्हणजे इन्सुलेशन करपणार.

हाच दोष मीटरने शोधायला जा. दिवा काढून कनेक्टरवर व्होल्टेज घेतलंस तर पूर्ण २८ दिसतील, कारण डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १० मेगओहम असतो. त्यातून जाणारा करंट इतका नगण्य की अर्ध्या ओहमवर मोजण्याजोगं काही पडतच नाही. कंटिन्युइटी लावलीस तर बझर खुशाल वाजेल, कारण बहुतेक मीटरचा बझर काही ओहमांपासून काही दहा ओहमांपर्यंत वाजतो. दोन्ही चाचण्या पास आणि दिवा मंद.

दोष दिसतो तो लोड, म्हणजे वीज वापरणारं उपकरण, चालू ठेवून. दिवा पेटलेला असताना मीटरचं एक टोक दिव्याच्या परतीच्या पिनवर आणि दुसरं एअरफ्रेमच्या स्वच्छ धातूवर धर. तिथे जवळपास शून्य यायला हवं. चार व्होल्ट आले तर चोर सापडला. याला व्होल्टेज ड्रॉप टेस्ट म्हणतात. दुसरं काही आलं नाही तरी चालेल, ही आलीच पाहिजे.

दिवा न पेटण्याचं कारण शोधताना नवीन मुलं पुरवठ्याची बाजू तीनतीनदा तपासतात आणि परतीच्या वाटेकडे बघतही नाहीत. धातूच्या विमानात बऱ्याच लोडचा परतीचा करंट एअरफ्रेममधूनच जातो, डायग्रॅममध्ये तिथे नुसतं ग्राउंडचं चिन्ह असतं, आणि चिन्ह दिसलं की डोळा थांबतो. ते चिन्ह म्हणजे अर्धं सर्किट आहे. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० सारख्या कंपोझिट (कार्बन फायबरच्या) विमानात तर एअरफ्रेम हे काम करू शकत नाही, म्हणून परतीसाठी धातूचं वेगळं जाळं बसवावं लागतं.

खडूफळा

मिलिओहम यांच्याशी सहमत, पण क्रमाबद्दल थोडा वेगळा सूर. ड्रॉप टेस्ट हातात बसण्याआधी किरखॉफचे दोन नियम पाठ नव्हे, पचलेले हवेत. लूपभोवती व्होल्टेजची बेरीज शून्य, जोडावर येणारा करंट तेवढाच बाहेर जाणार. वरचं दिव्याचं उदाहरण म्हणजे लूपचा नियमच आहे.

माझा क्रम असा: डीसी सर्किट, किरखॉफ, मग तारेचा रेझिस्टन्स आणि ड्रॉप, मग रिले आणि डायोड, मग एसी. एसीत इंडक्टन्स, कपॅसिटन्स, फेज, पॉवर फॅक्टर, थ्री-फेज. इलेक्ट्रॉनिक्स त्यानंतर. ईएएसएच्या (युरोपची विमान सुरक्षा संस्था) पार्ट-६६ या देखभाल परवान्याच्या नियमांमध्येही मॉड्यूल ३ इलेक्ट्रिकल आणि मॉड्यूल ४ इलेक्ट्रॉनिक्स असंच आहे, आणि उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के लागतात, त्यामुळे वरवरच्या वाचनावर निभावत नाही.

करंट धनाकडून ऋणाकडे की इलेक्ट्रॉन ऋणाकडून धनाकडे, यावर पुस्तकं भांडत असतात. एक दिशा धरा आणि सोडू नका. डायोडच्या चिन्हातला बाण परंपरागत दिशेचा आहे, म्हणून मी तीच धरायला सांगतो. आणि पाण्याच्या पाइपची उपमा पहिल्या आठवड्यानंतर विसरा. पाइप तुटला तर पाणी सांडतं, तार तुटली तर करंट सांडत नाही, थांबतो. पुष्कळांचा ओपन आणि शॉर्ट यांतला गोंधळ त्या उपमेतूनच येतो.

धूळपाटी

मिलिओहम ताई, ते दिव्याचं गणित वहीत उतरवून घेतलं. खडूफळा सर, एसीतच गाडी अडते. ४०० हर्ट्झच का? आणि जनरेटरवर किलोवॉट न लिहिता केव्हीए का लिहितात?

चारशे_हर्ट्झ

माझं नाव घेतलंस म्हणून आलो.

वजनासाठी. ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज फ्रिक्वेन्सी, वेढे आणि कोअरमधला फ्लक्स यांच्या गुणाकारावर ठरतं. फ्रिक्वेन्सी ५० वरून ४०० वर, म्हणजे आठपट नेली तर तेवढ्याच वेढ्यांत आणि तेवढ्याच फ्लक्स डेन्सिटीला कोअरचा छेद एक-अष्टमांश पुरतो. मोटरचंही तसंच: दोन पोलची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला जास्तीत जास्त ३,००० फेरे, ४०० वर २४,००० फेरे. लहान मोटर जोरात फिरवून तेवढीच पॉवर काढता येते.

फुकट काही मिळत नाही. इंडक्टिव्ह रिअ‍ॅक्टन्सही आठपट होतो. १ मिलिहेन्रीचा ५० हर्ट्झवर ०.३ ओहम, ४०० वर अडीच ओहम. लांब फीडरमध्ये त्याने व्होल्टेज खाल्लं जातं. देशभर वीज वाहायला ४०० हर्ट्झ निरुपयोगी, विमानाच्या लांबीत परवडतं. आणि ४०० साठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर त्याच व्होल्टेजच्या ५० हर्ट्झवर लावू नकोस. कोअर सॅच्युरेट होऊन जळेल.

केव्हीएचं (किलोव्होल्ट-अँपिअर): तार आणि वाइंडिंग तापतात ते एकूण करंटने. त्यातला किती करंट खरं काम करतो याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. ९० केव्हीएचा जनरेटर घे, फेजला ११५ व्होल्ट, तीन फेज. प्रत्येक फेजला सुमारे २६० अँपिअर. पॉवर फॅक्टर (खरं काम करणारा वाटा) ०.८ असेल तर खरी पॉवर ७२ किलोवॉट, पण वाइंडिंगमधून २६० अँपिअर जातातच. म्हणून मर्यादा केव्हीएत. ११५ हे फेज ते न्यूट्रल, दोन फेजमध्ये २०० येतात, ते बघून दचकू नकोस. आणि ११५ हे आरएमएस, म्हणजे परिणामी मूल्य. शिखर १६३ च्या आसपास, इन्सुलेशनला ते सोसायचं असतं.

टीआरयू म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर एका डब्यात, ११५ एसीचे २८ डीसी. स्टॅटिक इन्व्हर्टर उलटं काम करतो, बॅटरीवरून एसी. ही दोन नावं कळली की डायग्रॅमचा वरचा अर्धा भाग वाचता येतो. आधी आपल्या विमानाच्या मॅन्युअलमधलं एटीए चॅप्टर २४ (वीजपुरवठ्याचं प्रकरण) घे आणि जनरेटरपासून शेवटच्या बसपर्यंत बोट फिरव. मग प्रत्येक जनरेटर एकेक करून बंद झाला असं समज आणि कुठली बस कुठून जगते ते कागदावर काढ. माझ्या मते हा सगळ्यात चांगला अभ्यास. नवीन विमानांत फ्रिक्वेन्सी स्थिर नसते, ७८७ वर २३५ व्होल्ट आणि ३६० ते ८०० हर्ट्झ असा पट्टा आहे, पण ते नंतर.

खडूफळा

४०० हर्ट्झचा विषय निघालाच आहे तर मीटरचं सांगतो. ट्रू आरएमएस हवाच. स्वस्त मीटर सरासरी मोजून शुद्ध साइन वेव्ह गृहीत धरतो, वेव्ह बिघडलेली असली की आकडा चुकतो. पण लोक एवढ्यावर थांबतात. माहितीपत्रकात एसी व्होल्टची अचूकता किती हर्ट्झपर्यंत दिली आहे ते वाचा. काही मीटर ४५ ते ६५ हर्ट्झपुरतीच हमी देतात. तो ४०० वर आकडा दाखवेल, पण त्यावर विसंबता येणार नाही. क्लॅम्प मीटरलाही हेच लागू.

शिवाय लो-इम्पीडन्स मोड असेल तर उत्तम. शेजारच्या तारेतून कपॅसिटिव्ह कपलिंगने तुटलेल्या तारेवर भुताटकीचे ४०-५० व्होल्ट दिसतात, त्या मोडवर ते गायब होतात.

आगाऊ_इलेक्ट्रॉन

भुताटकीचे व्होल्ट! आता कळलं माझा मीटर कोणाशी बोलत होता.

मिलिओहम

😄 ग्राउंड, बाँडिंग, शील्ड राहिलंय, त्यावर येते.

ग्राउंड म्हणजे करंटची परतीची वाट. बाँडिंग म्हणजे धातूचे दोन भाग विजेच्या दृष्टीने एक करणं, म्हणजे स्टॅटिक साठत नाही, वीज पडली तर ठिणगी न उडता वाट मिळते आणि रेडिओत खरखर येत नाही. बाँडिंग जोडाला ३ मिलिओहम ही बऱ्याच ठिकाणी दिसणारी मर्यादा. साध्या मीटरच्या प्रोबचाच रेझिस्टन्स त्याच्या कितीतरी पट असतो, म्हणून चार तारांचा बाँडिंग मीटर लागतो: दोन तारा करंट पाठवतात, दोन व्होल्टेज मोजतात. शील्ड म्हणजे आतल्या सिग्नलला बाहेरच्या गोंगाटापासून आडोसा. शील्ड एका टोकाला ग्राउंड करायची की दोन्ही, हे डायग्रॅम सांगेल तसंच. एआरआयएनसी ४२९ ला (विमानातली एक प्रचलित डेटा बस) दोन्ही टोकं, ऑडिओला बहुधा एकच. ऑडिओत दोन्हीकडे बांधलंस तर शील्डमधूनच करंट फिरायला लागतो आणि हेडसेटमध्ये ४०० हर्ट्झची शिट्टी ऐकू येते.

तार निवडताना एडब्ल्यूजीचा (तारेच्या जाडीचं अमेरिकन माप) आकडा लहान तर तार जाड. तीन आकडे खाली गेलं की तांब्याचा छेद साधारण दुप्पट. समज ५ अँपिअर, १० मीटर, २० नंबरची तार. मीटरला सुमारे ०.०३३ ओहम, ड्रॉप १.६५ व्होल्ट. सतत चालणाऱ्या २८ व्होल्टच्या लोडला १ व्होल्टच चालतो, म्हणून १६ नंबरवर जावं लागतं, तिथे पाऊण व्होल्टच्या आसपास येतो. करंट झेपतो म्हणून तार पास, असं नसतं. दोन्ही अटी बघ.

आणि सर्किट ब्रेकर तारेच्या रक्षणासाठी आहे, उपकरणाच्या नाही. ट्रिप झाला म्हणून मोठ्या अँपिअरचा लावणं म्हणजे तारेलाच फ्यूज करणं. थर्मल ब्रेकर सरासरी उष्णतेवर उडतो, मधूनमधून होणारं आर्किंग त्याला कळत नाही. १९९८ च्या स्विसएअर १११ अपघाताच्या तपासात आगीची सुरुवात बहुधा तारेतल्या आर्किंगमधून झाली आणि जवळच्या इन्सुलेशन ब्लँकेटच्या आवरणाने पेट घेतला, असा निष्कर्ष निघाला. त्यात २२९ जण गेले. त्याआधीचा १९९६ चा टीडब्ल्यूए ८०० आणि हा, या दोन अपघातांनंतर वायरिंगकडे स्वतंत्र यंत्रणा म्हणून बघायला सुरुवात झाली, ईडब्ल्यूआयएस (इलेक्ट्रिकल वायरिंग इंटरकनेक्शन सिस्टिम) हे नाव तिथून आलं. ट्रिप झालेला ब्रेकर कारण न शोधता पुन्हा पुन्हा दाबणारा माणूस शेजारी असेल तर त्याचं ऐकू नकोस, मग तो कितीही ज्येष्ठ असो.

चारशे_हर्ट्झ

+१, शेवटच्या वाक्याला खास.

डेटा बसबद्दल माझं मत: आत्ता नको, पण इतकं माहीत असू दे. ४२९ म्हणजे दोन पिळलेल्या तारा, त्यांच्यातला फरक +१०, ० किंवा -१० व्होल्ट, ३२ बिटांचा शब्द, वेग सेकंदाला १२.५ किंवा १०० किलोबिट. पाठवणारा एक, ऐकणारे अनेक. म्हणजे ऐकणाऱ्या सगळ्यांना माहिती मिळत नसेल तर आधी पाठवणाऱ्याकडे बघ, एकालाच मिळत नसेल तर त्याच्या फाट्याकडे. यापुढे बिटांत शिरण्याआधी रिलेच्या कॉइलवर डायोड का लावतात ते नीट समजून घे. कॉइलचा करंट तोडला की उलटं व्होल्टेज शेकड्यांत जाऊ शकतं, आणि तो डायोड ओपन झाला की भलत्याच डब्यात भलतेच दोष दिसायला लागतात.

धूळपाटी

काका, ताई, सर, खूप आभार. चॅप्टर २४ आजच उघडतो. शेवटचं एक: इन्सुलेशन तपासायला मेगर लावताना काय सांभाळायचं?

मिलिओहम

दोन्ही टोकांची सगळी उपकरणं सुटी केल्याशिवाय लावायचाच नाही. मेगर २५० किंवा ५०० व्होल्ट सोडतो, २८ व्होल्टचं कार्ड त्याने मरतं. बॅटरी सुटी, ब्रेकर ओढून टॅग लावलेला, कनेक्टर मोकळे आणि टोपण घातलेले. मॅन्युअलमध्ये त्या तारेसाठी लिहिलेलं व्होल्टेज तेवढंच, त्याहून जास्त नाही. चाचणी झाली की तार डिस्चार्ज कर, लांब हार्नेसमध्ये (तारांच्या जुडग्यात) चार्ज उरतो.

हातातली अंगठी आणि घड्याळ काढूनच हात घाल. २८ व्होल्टने झटका सहसा बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण बॅटरीच्या टर्मिनलवर अंगठी आडवी आली तर शेकडो अँपिअर तिच्यातून जातात.