मैदानावरून धंद्यात : तुमचे अनुभव सांगा

महाविद्यालयाच्या संघातून खेळलेल्या किंवा अशा संघाला शिकवलेल्या, आणि पुढे स्वतःचा व्यवसाय काढलेल्या मंडळींसाठी हा धागा. विनंती एकच : 'खेळानं जिद्द शिकवली', 'संघभावना आली' एवढ्यावर थांबू नका. ते सत्कार समारंभांत ऐकून झालंय. नेमकं काय हाती लागलं ते सांगा. ओळखी, एखादी कारागिरी, हिशेबाची सवय, पहिलं गिऱ्हाईक, काहीही.

सुरुवात म्हणून एक सर्वांना माहीत असलेलं उदाहरण घेते, पण जरा वेगळ्या बाजूनं. ओरेगन विद्यापीठात बिल बाऊरमन धावपटूंचे प्रशिक्षक होते आणि फिल नाइट त्यांच्या हाताखाली मध्यम पल्ल्याच्या शर्यती पळायचे. १९६४ मध्ये दोघांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून ब्लू रिबन स्पोर्ट्स ही कंपनी काढली, तीच पुढे नाइकी झाली. बुटाच्या तळव्यासाठी वॅफलच्या साच्यात रबर ओतल्याची गोष्ट सगळेच सांगतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की कंपनी निघायच्या कितीतरी आधीपासून बाऊरमन आपल्या पोरांसाठी हातानं बूट बनवत होते. बूट हलका हवा, हा त्यांचा ध्यास. माल तपासायला रोज पळणारी मुलं समोरच होती. आणि नाइट जपानहून आणलेले बूट गाडीत घालून थेट शर्यतींच्या ठिकाणी विकायला जायचे. गिऱ्हाईक कुठे भेटेल, हा प्रश्नच नव्हता.

तुमच्याकडे असं काय होतं?

बॅकहँड

बॅडमिंटन. संघात माझा नंबर खालचा, त्यामुळे सगळ्यांच्या रॅकेट गटिंग करून, म्हणजे नव्या तारा ओवून, आणायचं काम माझ्या गळ्यात. स्पर्धेच्या तोंडावर तार तुटली की बोंब, म्हणून गटिंग करणाऱ्या काकांशेजारी बसून शिकून घेतलं.

बघताना सोपं वाटतं. आधी उभ्या तारा, मग आडव्या. उभ्या मधून सुरू करायच्या आणि डावी-उजवी बाजू बरोबरीनं पुढे न्यायची. एक बाजू फार पुढे गेली की फ्रेमवर ताण येतो आणि महागडी रॅकेट हातात वाकते. आडवी तार एक वर, एक खाली अशी ओवून बोटांनी सरळ करत जायची, त्यात नखांजवळची कातडी सोलवटते. ग्रॉमेट, म्हणजे फ्रेमच्या भोकातली प्लास्टिकची नळी, चिरलेलं असेल तर ते आधी बदलायचं, नाहीतर नवी तारही तिथेच कापली जाणार.

खरा धंदा मात्र वहीनं शिकवला. कोणाची रॅकेट, कुठली तार, किती पौंड ताण, कधी तुटली, हे मी संघासाठी लिहून ठेवायचो. पुढे दुकान टाकलं तेव्हा तीच सवय कामी आली. नवशिका येऊन म्हणतो, "तीस पौंड करा, अमुक चॅम्पियन तेवढ्यावरच खेळतो." ताण वाढला की चांगला फटका बसण्याची जागा लहान होते आणि मधोमध न लागलेलं शटल मेल्यासारखं जातं. मी बावीस-तेवीस सुचवतो आणि कारण सांगतो. काही जण नाराज होऊन जातात, जाऊ देत. जे ऐकतात ते पुढच्या वेळी आपला जोडीदार घेऊन येतात.

शिट्टी

मी महाविद्यालयाच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची सहायक प्रशिक्षक होते, आता स्वतःची अकादमी आहे. खेळण्यापेक्षा शिकवण्यानं धंदा जास्त कळला, हे माझं ठाम मत. खेळाडू असताना सामना हातातून निसटतोय असं वाटलं की आपण चेंडू मागायचो. प्रशिक्षकाला ती सोय नाही. बाहेर उभं राहून दुसऱ्यांकडून करून घ्यायचं आणि फार तर टाइमआउट मागायचा. तोही सेटमध्ये दोनदाच, अर्ध्या मिनिटाचा. तेवढ्यात तीन गोष्टी सांगितल्या तर एकही डोक्यात राहत नाही. अजूनही माझ्या प्रशिक्षकांना मी दिवसाची एकच सूचना देते.

अकादमीचं गणित म्हणाल तर कोर्टाचं भाडं सहा मुली आल्या तरी तेवढंच आणि सोळा आल्या तरी तेवढंच. साहजिकच मोह होतो की बॅच फुगवावी. पण एका चेंडूवर रांग लावून सराव घेतला तर मूल तासातला बराचसा वेळ पुढच्याची पाठ बघत असतं. रांगेत उभं राहिलेलं मूल पुढच्या महिन्यात येत नाही. म्हणून मी पहिला जास्तीचा पैसा जाळीवर किंवा गणवेशावर न घालवता चेंडूंवर घातला. दोघींत एक चेंडू असेल तर त्याच कोर्टावर जास्त मुली मावतात आणि कोणी कंटाळत नाही. हे मला कुठल्या व्यवस्थापनाच्या वर्गात नाही कळलं. संघाला दोन कोर्टांऐवजी अर्धंच मिळायचं, तेव्हा कळलं.

आणि हो, खेळतं मूल आणि पैसे देतात पालक. दोघांनाही गिऱ्हाईक समजावं लागतं.

उडी

प्रसिद्ध उदाहरणांत माझी भर. केव्हिन प्लँक मेरीलंड विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात होता. घामानं भिजून जड होणाऱ्या सुती बनियनचा त्याला वैताग, म्हणून घाम न धरणाऱ्या कापडाचे शर्ट शिवून घेतले आणि १९९६ मध्ये अंडर आर्मर सुरू केली, आजीच्या घराच्या तळघरातून. पहिले शर्ट गेले जुन्या सहकाऱ्यांकडे, त्यांतले काही तोवर व्यावसायिक संघांत पोचले होते. म्हणजे इथेही आधी ड्रेसिंग रूम, मग बाजार.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात प्रशिक्षकाच्या पदरी धंदा पडला नाही. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघातल्या एका सहायक प्रशिक्षकानं तिथल्या डॉक्टरांना विचारलं की इतकं पाणी पिऊनही सामन्यात पोरांना लघवीला का होत नाही? रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा छडा लावला. घामातून पाणी आणि क्षार दोन्ही जातात, ते भरून काढायला त्यांनी पेय बनवलं, तेच गेटोरेड. पुढे रॉयल्टीवरून विद्यापीठ आणि संशोधकांत वाद झाला आणि विद्यापीठाचा वाटा २० टक्के ठरला. लाखमोलाचा प्रश्न मैदानावरून आला, पण मोबदल्याच्या वाटणीत भांडले डॉक्टर आणि विद्यापीठ. प्रशिक्षक मंडळींनो, रोज असले प्रश्न पडतात तुम्हाला. निदान लिहून तरी ठेवा.

लांब पल्ला

वातावरण फारच गोड होतंय, म्हणून थोडं विरजण.

खेळात नियम आधी ठरलेले, पंच समोर उभा, फलकावर गुण, आणि मोसम एक दिवस संपतो. धंद्यात यातलं काहीच नाही. प्रतिस्पर्धी कोण हेच कधी कधी उशिरा कळतं. आमच्या व्यवसायातला भागीदार महाविद्यालयाचा माजी कर्णधार. माणूस सोन्यासारखा, पण 'सोडायचं नाही' हे अंगात इतकं भिनलेलं की एक न चालणारं उत्पादन बंद करू म्हटलं तरी त्याला पराभव वाटायचा. आकडे दाखवले की म्हणायचा, अजून सामना संपलेला नाही. शेवटी माझा हिस्सा घेऊन मी बाहेर पडलो आणि एकट्यानं उभं केलं. मैत्री आहे अजून.

शर्यत अर्ध्यात सोडणं आणि तोट्यातलं काम थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खेळाडूंना हे इतरांपेक्षा जास्त वेळा सांगावं लागतं.

शिट्टी

@लांब पल्ला, पटलं, पण अर्धंच. तुमचा भागीदार खेळाडूसारखा विचार करत होता. प्रशिक्षकाला दर मोसमात कोणाला तरी वगळावंच लागतं. संघाची यादी फळ्यावर लावून पळ काढणारे प्रशिक्षक मी पाहिलेत. आमच्या मुख्य प्रशिक्षक बाई प्रत्येक वगळलेल्या मुलीला समोर बसवून कारण सांगायच्या, मुलगी रडली तरी उठायच्या नाहीत. पुढे अकादमीतल्या एका माणसाला काढायची वेळ आली तेव्हा मला फोनवर उरकता आलं असतं. नाही उरकलं.

पाठीवरचा नंबर

मी बास्केटबॉल, आता छोटी सॉफ्टवेअर कंपनी. माझं एकच निरीक्षण : माणूस घेताना मी त्याचं बदली झाल्यावरचं वागणं आठवतो. मैदानातून बाहेर बोलावल्यावर कोणी टॉवेल फेकतो, कोणी बसून आत गेलेल्याला प्रतिस्पर्ध्याची खोड सांगतो. दुसऱ्या प्रकारचे जुने सहकारी मी डोळे मिटून घेतले. पहिल्या प्रकारचा एक फार हुशार होता, तरी नाही घेतला.

फ्रीस्टाइल

मी अजून शेवटच्या वर्षात आहे, पोहण्याच्या संघात. सुट्टीत लहान मुलांना शिकवते, मागणी वाढतेय. अमेरिकेत म्हणे २०२१ च्या जुलैपर्यंत महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमवायलाच बंदी होती. माझ्या बाबतीत असं काही आडवं येईल का? आणि सुरुवात कशानं करू?

शिट्टी

@फ्रीस्टाइल, आधी स्वतःच्या महाविद्यालयाचे आणि क्रीडा संघटनेचे नियम वाच. शिकवण्याचं मानधन घेतलं तर हौशी खेळाडू म्हणून पात्रता जाते का, हे लेखी विचारून घे. तोंडी 'काही होत नाही' चालणार नाही.

पोहण्याचं असल्यामुळे बाकीचा क्रम माझ्यापेक्षा वेगळा ठेव. जीवरक्षकाचं आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आधी, विमा त्यानंतर, जाहिरात सगळ्यांत शेवटी. तू पाण्यात उतरून शिकवत असशील तेव्हा काठावर फक्त पाण्याकडे बघणारा दुसरा माणूस पाहिजेच, त्याचा पगार फीमध्ये धरूनच फी ठरव. पालकांकडून मुलाच्या आजारांची माहिती आणि संमती कागदावर घे. फीसाठी वेगळं खातं उघड, पॉकेटमनीत मिसळू नकोस. बॅच किती जणांची ठेवायची ते मुलांना पाण्यात बघून ठरव, चौकशीचे फोन मोजून नको.

तलावाशी करार करताना पाणी बदलायचे आणि दुरुस्तीचे दिवस कोणाच्या खात्यावर, हे मात्र नक्की लिहून घे. तिथेच भांडणं होतात.