मदत हवी आहे: पॉप्युलेशन व्हेक्टर एकाच अक्षाकडे झुकतो

ऐरोलीतल्या अभ्यासगटात माकडाच्या मोटर कॉर्टेक्सच्या (मेंदूचा हालचाल घडवणारा भाग) खुल्या डेटावरून हाताची दिशा ओळखून दाखवायची आहे. मधल्या बिंदूपासून 8 दिशांना हात नेण्याचा नेहमीचा प्रयोग, 71 पेशी, दर दिशेला साधारण 20 फेऱ्या.

हालचाल सुरू होण्याआधीच्या 100 मिलिसेकंदांपासून नंतरच्या 200 पर्यंतचे स्पाइक (पेशींचे विद्युत ठोके) मोजले. जॉर्जोपोलस आणि सहकाऱ्यांच्या 1982 च्या पद्धतीने प्रत्येक पेशीच्या स्पाइक-दरावर कोसाइन वक्र बसवून तिची आवडती दिशा (जिकडे हात जाताना ती सर्वाधिक स्पाइक देते) काढली. मग सरासरी दर वजा केला, चढउताराच्या उंचीने भागलं आणि त्या वजनाने आवडत्या दिशांची सदिश बेरीज केली; हाच पॉप्युलेशन व्हेक्टर.

0, 90, 180, 270 अंश बरोबर येतात. पण 45 चे 62 होतात, 135 चे 118. म्हणजे सगळं 90-270 च्या अक्षाकडे ओढलं जातं. आवडत्या दिशांची गर्दीही तिथेच आहे, त्यामुळे झुकाव का येतो ते कळतं. फेऱ्या अर्ध्या-अर्ध्या करून पाहिल्या, गर्दी तशीच राहते. म्हणजे हा गोंगाट नाही. दिशा समान वाटल्या जातील अशा 16 पेशीच घेतल्या तर झुकाव जातो, पण चूक फार पसरते. ऑप्टिमल लिनियर एस्टिमेटरने (ही गर्दी लक्षात घेऊन पेशींना वजनं देणारी पद्धत) उत्तर सुधारतं, मात्र तो गर्दीचं कारण सांगत नाही, फक्त भरपाई करतो.

डेटात हाताची एकच ठेवण आहे. स्नायूंचं ईएमजी (विद्युत नोंद) नाही, सांध्यांचे कोन नाहीत, फक्त पंजाची जागा आहे.

एवढ्यावरून ही गर्दी इलेक्ट्रोडने योगायोगाने तशाच पेशी टिपल्यामुळे आहे की खांदा-कोपराच्या यांत्रिकीमुळे, हे वेगळं करता येईल का? येत असेल तर कोणती चाचणी लावू?