जुना पेट्रोल फर्ग्युसन दुरुस्त करावा, की छोटा डिझेल ट्रॅक्टर घ्यावा?

संत्राबाग, वरुड तालुका:
नमस्कार मंडळी. आजोबांच्या वेळचा एक करडा फर्ग्युसन आमच्या गोठ्यालगतच्या टिनाच्या शेडमध्ये बरीच वर्षे उभा आहे. पट्टीवर ‘टीईए २०’ असे कोरलेले आहे. इंजिन चार सिलिंडरचे, पेट्रोलचे असून हँडलने फिरते, म्हणजे जाम झालेले नाही. आमचे वावर १२ एकर, त्यातला ७ एकर संत्रा. नांगरटीला भाड्याचा मोठा ट्रॅक्टर येतो, त्यामुळे बगीच्यातली वखरणी, फवारणीचा ब्लोअर आणि मालाच्या खेपा एवढेच घरच्या ट्रॅक्टरचे काम राहील. ‘पेट्रोल परवडत नाही’ असे गावात सगळेच म्हणतात, पण ते का परवडत नाही हे कोणी सांगत नाही. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

निवृत्त फिटर, यवतमाळ:
भाऊ, गावाचे म्हणणे खोटे नाही. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन कार्बोरेटरमध्येच मिसळून सिलिंडरमध्ये जाते. ते फार दाबले तर ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेट घेते आणि इंजिन ठोकू लागते, म्हणून त्या काळच्या पेट्रोल ट्रॅक्टरांचे कॉम्प्रेशन ६:१ च्या आसपासच ठेवलेले असे. डिझेल इंजिन निव्वळ हवा १६-१७ पट दाबते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. जास्त दाबामुळे तेवढ्याच उष्णतेतून काम जास्त निघते. शिवाय लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाही १० ते १२ टक्के अधिक असते. एकूण हिशेब असा, की जुने पेट्रोल इंजिन लिटरभरात साधारण पावणेतीन अश्वशक्ती-तास काम देते आणि डिझेल पावणेचारच्या आसपास, म्हणजे ज्या वखरणीला ४ लिटर डिझेल लागेल तिला साडेपाच लिटर पेट्रोल जाईल. हलक्या कामात हे अंतर आणखी वाढते, कारण पेट्रोल इंजिनाला थ्रॉटलची चकती अर्धी मिटलेली ठेवून हवा ओढावी लागते.

मला मात्र इंधनखर्चापेक्षा आजच्या पेट्रोलची काळजी अधिक वाटते. त्यात २० टक्के इथेनॉल असते, आणि १९४६ ते १९५६ या काळात बनलेल्या फर्ग्युसनच्या रबरी नळ्या व वॉशर त्यासाठी घडवलेले नाहीत. इथेनॉल हवेतली ओल धरते. पावसाळाभर ट्रॅक्टर उभा राहिला की टाकीच्या तळाशी पाण्याचा थर बसतो आणि पोळ्याच्या सुमारास आपण कार्बोरेटरचे जेट (इंधनाची बारीक छिद्रे) फुंकत बसतो.

डवरेकरी, आर्णी:
फिटरकाकांचा हिशेब मान्य आहे, परंतु ट्रॅक्टर वर्षाला किती तास चालणार हे आधी ठरवावे. १५० तास धरले तर तासाला दीड लिटरच्या फरकाने २२५ लिटर होतात. जुन्या डिझेल ट्रॅक्टरचा पंप आणि नोझल एकदा कामाला काढले, की अशा दोन-तीन वर्षांची बचत त्यातच जाते. पेट्रोल इंजिनाचे ठिणगी पाडणारे पॉइंट, प्लग आणि कंडेन्सर मात्र घरच्या पान्यांनी बदलता येतात. माझ्या दोन सिलिंडरच्या डिझेल ट्रॅक्टरने तुरीच्या वावरात एअर घेतली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली, तेव्हा फिल्टरवरचा बोल्ट दोन आटे सैल करून हँड प्रायमर दाबत मी धुऱ्यावर तासभर बसलो होतो. फेस थांबून निखळ धार येईपर्यंत बोल्ट आवळता येत नाही. टाकी पार रिकामी होऊ दिली, ही चूक माझीच होती.

ब्लोअरची अडचण इंधनाची नाही. त्या फर्ग्युसनला एकच क्लच असल्यामुळे तो दाबला की पीटीओ (ब्लोअरसारखी अवजारे फिरवणारा मागचा दांडा) थांबतो, म्हणजे प्रत्येक वळणावर फवारणी खंडित होते.

लिंबूवर्गीय, काटोल:
एक धोका राहिला. या ट्रॅक्टरची टाकी बॉनेटखाली, थेट इंजिनाच्या वर आहे. वैशाखात ४५ अंशांवर पारा गेला की पेट्रोल नळीतच वाफ होऊन इंजिन बंद पडते. आमच्याकडे नळीवर ओले फडके गुंडाळून ठेवावे लागे. गरम इंजिनावर पेट्रोल ओतणे तर शेजारी वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग असताना कदापि करू नये. पूर्वी इंग्लंडमध्ये या ट्रॅक्टरांना पर्किन्सचे तीन सिलिंडरचे पी३ डिझेल इंजिन बसवण्याचे संच मिळत, परंतु आज इथे तसा खटाटोप करण्यापेक्षा तयार डिझेल ट्रॅक्टर घेतलेला बरा. तो पाहताना इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. गरम झाल्यावरही निळा धूर येत असेल तर ऑइल जळते आहे. ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोराने वाफ येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. काळा धूर बहुधा नोझलचा असतो, त्याचा खर्च त्या मानाने कमी.

संत्राबाग, वरुड तालुका:
सर्वांचे आभार. आमची वखरणी आणि फवारणी मिळून वर्षाला ३०० तासांच्या वर जाते, त्यामुळे त्या कामांसाठी डिझेलच पाहतो. आजोबांचा ट्रॅक्टर विकणार नाही. टाकी धुऊन, नळ्या बदलून तो हिवाळ्यातल्या खेपांपुरता ठेवीन. शनिवारी सकाळी मोर्शीकडे एक ट्रॅक्टर पाहायला जात आहे. मी पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नका, असे मालकाला फोनवर सांगून ठेवले आहे.